दार उघडं ठेवून काम पुरं कसं करायचं

प्रश्न थोडक्यात असा: म्हापशात बाजाराजवळ तळमजल्यावर अकाउंट्स आणि टॅक्सचं छोटं ऑफिस आहे. एक स्वतः, एक सहाय्यक मुलगी. सकाळी साडेनऊपासून माणसं येत राहतात, मध्ये फोन, व्हॉट्सअ‍ॅप, कुणाचा ओटीपी. टेबलावर सतत ढीग असतो आणि खरं काम संध्याकाळी सातनंतर सुरू होतं. व्यवस्था कशी लावावी?

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ‘सकाळचे दोन तास दार बंद ठेवा, फोन विमान-मोडवर टाका’ हे सल्ले तुमच्या उपयोगाचे नाहीत. तुमच्या धंद्यात दारात येणारा माणूस हाच धंदा आहे. शिवोलीहून बस पकडून आलेल्या म्हाताऱ्या गृहस्थाला ‘अपॉइंटमेंट घेतली होती का’ असं विचारलंत तर पुढच्या वर्षी त्यांची फाईल दुसऱ्या ऑफिसात असेल. माणसं येणारच. आलेलं काम थेट तुमच्या अंगावर न पडता आधी कुठेतरी टेकलं पाहिजे, आणि तरीही उठावं लागलं तर हातातलं काम जिथे सुटलं तिथूनच उचलता आलं पाहिजे. सगळी व्यवस्था या दोन गोष्टींसाठी. टेबलावरचा ढीग हा त्यांच्या अभावाचा परिणाम आहे, त्यामुळे आधी ढीग आवरायला बसू नका. तीन दिवसांत तो पुन्हा होतो.

पहिलं काम मोजणीचं. सलग दोन दिवस, एक साधा आणि एक बाजाराचा शुक्रवार, टेबलावर एक कोरा कागद ठेवा. कुणीही अडवलं की एक ओळ: वेळ, आणि एक अक्षर. ‘कु’ म्हणजे ‘माझं काम कुठवर आलं’ ही विचारणा. ‘का’ म्हणजे कागद देणं-घेणं. ‘ओ’ ओटीपी. ‘स’ सहाय्यकेचा प्रश्न. ‘उ’ तुम्ही स्वतःच उठलात, फाईल शोधायला, झेरॉक्सला, स्टेपलरच्या पिना आणायला. आणि ‘खा’ म्हणजे खरा प्रश्न, ज्याला तुमचंच डोकं लागतं. अशा ऑफिसात ‘कु’, ‘का’ आणि ‘उ’ यांच्याच रांगा लागतात, ‘खा’ थोडे निघतात. म्हणजे बहुतेक अडथळे तुमच्या ज्ञानासाठी आलेले नसतात. माहिती बाहेर गेली नाही म्हणून किंवा वस्तू जागेवर नाही म्हणून आलेले असतात.

‘कु’ बंद करणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. माणूस विचारायला येतो, कारण कागद दिल्यानंतर त्याला तुमच्याकडून काहीच कळलेलं नसतं. तीन निरोप ठरवून टाका आणि ते सहाय्यकेनेच पाठवायचे. कागद मिळाले त्या दिवशी: ‘जूनची खरेदी-विक्री बिलं मिळाली, बँक स्टेटमेंट बाकी आहे.’ काम अडलं तर: ‘अमुक बिलावर जीएसटी नंबर नाही, दुकानदाराकडून सुधारून आणा.’ रिटर्न भरल्यावर: ‘जूनचं ३बी भरलं, पोचपावती सोबत.’ (३बी म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, मुदत २० तारीख.) पहिल्या निरोपात बाकी काय आहे ते लिहिलंच पाहिजे. नुसतं ‘मिळालं, धन्यवाद’ पाठवलं तर माणूस निर्धास्त होतो आणि १९ तारखेला बँक स्टेटमेंटसाठी तुम्हालाच त्याच्या मागे धावावं लागतं.

आता ‘का’. ऑफिसची मांडणी बदला, खर्च फारसा नाही. दारातून आत आल्यावर पहिलं टेबल सहाय्यकेचं असलं पाहिजे, तुमचं नव्हे. तिच्यासमोर ४०-४२ इंच उंचीची, फूटभर रुंदीची फळी लावा. लिहिण्याचं टेबल साधारण ३० इंचांचं असतं. त्याच्याशी माणूस बसतो, उंच फळीशी उभा राहून कागद देतो आणि निघतो. मात्र खुर्च्या काढून टाकू नका. वयस्कर माणसाला उभं ठेवणं आपल्याकडे चालत नाही आणि चालू नये. दोन खुर्च्या सहाय्यकेच्या बाजूला भिंतीशी ठेवा. तुमच्या टेबलासमोर एकच, तीही थोडी लांब.

तुमचं टेबल दाराला काटकोनात असू द्या. दाराकडे तोंड करून बसलात तर रस्त्यावरून जाणारा प्रत्येक ओळखीचा माणूस नजर मिळवतो, नजर मिळाली की आत येतो. पाठ करून बसलात तर मागे कोण उभा आहे या शंकेने मान वळत राहते, शिवाय स्क्रीनवरचे पॅन नंबर आणि पगाराचे आकडे आलेल्या प्रत्येकाला दिसतात. बाजू दाराकडे असली की दोन्ही टळतं.

कागद घेण्याची रीत एकच ठेवा. प्रत्येक क्लायंटचा एक बटणाचा प्लास्टिक पाउच, त्यावर मार्करने नंबर. आत चार भाग: विक्री, खरेदी, खर्च, बँक. कागद आले की सहाय्यक कार्बनच्या पावतीपुस्तकात तारीख, नंबर आणि ‘काय काय मिळालं’ लिहून एक प्रत देते, दुसरी पाउचमध्ये जाते. या पावतीमुळे ‘मी तर तुम्हाला दिलं होतं’ हा वाद जागच्या जागी मिटतो, आणि तो वाद म्हणजे अर्ध्या तासाचा अडथळा. पाउच तुमच्या टेबलावर येत नाही, ‘आलेलं’ लिहिलेल्या खणात जातो. खण तीनच: आलेलं, अडलेलं, झालेलं. पाच-सहा रंगांच्या लेबलांची पद्धत पहिल्या आठवड्यात छान दिसते आणि गर्दीच्या पहिल्याच दिवशी मोडते.

व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या बिलांच्या फोटोंचं वेगळं दुखणं आहे. कडा कापलेल्या, सावली पडलेली, एकाच बिलाचे तीन फोटो. ऑफिससाठी वेगळा नंबर घ्या, त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस ठेवा आणि तो फोन सहाय्यकेच्या टेबलावर राहू द्या. तुमच्या खाजगी नंबरावर आलेल्या बिलांना सहा महिने एकच उत्तर द्या: ‘ऑफिसच्या नंबरवर पाठवा.’ काम करून देऊन वर हे सांगितलंत तर कुणी बदलत नाही. क्लायंटला फोनमधलं स्कॅनर एकदा समोर बसवून शिकवा, महिन्याची एकच पीडीएफ मागा.

‘उ’ म्हणजे स्वतःच उठणं. याचं मूळ बहुधा फाईलिंगमध्ये असतं. गोव्यात आडनावांच्या अक्षरक्रमाने फाईली लावणं म्हणजे संकट ओढवून घेणं. नाईक, गावकर, फर्नांडिस, डिसोझा यांचीच कपाटं भरतात, आणि एकाच डिसोझाचं स्पेलिंग पॅनवर वेगळं, बँकेत वेगळं, घरपट्टीच्या पावतीवर तिसरंच असतं. क्रमांक द्या. १ पासून सुरू करून जो येईल त्याला पुढचा नंबर, आणि संगणकात एक यादी: क्रमांक, नाव, गाव, पॅन, मोबाईल. गावाचा रकाना असू द्याच. ‘पर्राचा नाईक की थिवीचा’ हा प्रश्न रोजचा आहे.

इथे गोव्यापुरती एक जास्तीची गोष्ट. पोर्तुगीज नागरी संहितेनुसार ज्या नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक आहे, त्यांचं घरभाडं, धंदा, भांडवली नफा आणि इतर उत्पन्न दोघांत निम्मं वाटलं जातं, पगार मात्र ज्याचा त्याच्याकडे राहतो. १९६१ च्या आयकर कायद्यात त्यासाठी कलम ५ए घातलं गेलं, रिटर्नमध्येही त्याचं वेगळं शेड्यूल आलं. म्हणजे नवऱ्याचं रिटर्न करताना बायकोचे आकडे लागतातच. दोघांच्या फाईली वेगवेगळ्या कप्प्यांत असतील तर प्रत्येक जोडप्यामागे तुम्ही निदान दोनदा उठणार. दोघांना एकच क्रमांक द्या, ८४/१ आणि ८४/२, आणि एकाच पाउचमध्ये ठेवा. दोन रिटर्न पाठोपाठ, एका बैठकीत करायची. एकाचं रिटर्न जुलैच्या पहिल्या आठवड्यात आणि दुसऱ्याचं शेवटच्या आठवड्यात केलं, की निम्म्याचा आकडा जुळत नाही आणि पुन्हा दोन्ही उघडावी लागतात.

ओटीपी हा आजच्या काळातला सगळ्यात चिवट अडथळा, कारण तो दोन माणसांना एकाच वेळी अडवतो. रिटर्न तयार झालं की लगेच भरायची घाई करू नका. तयार झालेली बाजूला ठेवा आणि रोज दुपारी चार ते सव्वापाच ही ओटीपीची वेळ ठरवा. आदल्या संध्याकाळी निरोप: ‘उद्या ४.१० च्या सुमारास जीएसटी रिटर्नचा ओटीपी येईल. फोन चार्ज करून जवळ ठेवा. आम्ही ऑफिसच्याच नंबरवरून फोन करू, दुसऱ्या कुणाला सांगू नका.’ एकामागे एक सात-आठ क्लायंट असे निघतात. क्रम लावताना रेंज कुठे नसते ते ध्यानात ठेवा. ट्रॉलरवाल्याला तो जेटीवर असतानाच गाठायचं. जहाजावर नोकरी करणाऱ्यांचं काम तर तो सुट्टीवर गावात असतानाच निपटा. एकदा तो निघाला की इथलं सिम बंद आणि तुमचं रिटर्न लटकलेलं. त्याच्यासाठी नेटबँकिंगने पडताळणी होईल अशी सोय किंवा डिजिटल सही आधीच करून ठेवा, आणि सहीची मुदत कधी संपते ती तारीख यादीत लिहा.

आता मुख्य गोष्ट, काम मध्येच सोडून पुन्हा उचलण्याची. कुणी हाक मारली की आपण लगेच मान वर करतो. ती सवय मोडायची. हाताने ‘एक मिनिट’ अशी खूण करा, आणि बोलण्याआधी चिठ्ठीवर पुढचं पाऊल लिहा. ‘८४/१ – २बी जुळवणी – ओळ १४ पासून.’ (२बी म्हणजे विकणाऱ्यांनी भरलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टल तयार करतं ती खरेदीची यादी. ती आपल्या बिलांशी जुळवायची.) एवढंच. पाच-सहा सेकंद लागतात. ‘जुळवणी चालू’ असं लिहून उपयोग नाही. परत आल्यावर हात कुठे ठेवायचा ते चिठ्ठीने सांगितलं पाहिजे. हे न करता उठलात तर परतल्यावर मागच्या दहा ओळी पुन्हा तपासता, किंवा तपासत नाही आणि एक बिल गळतं अथवा दोनदा चढतं. दुसरी शक्यता जास्त महागात पडते.

याची दुसरी बाजू म्हणजे काम गठ्ठ्यांत करणं. महिन्याची १८० खरेदी बिलं सलग चढवायला बसू नका. २५-२५ चे गठ्ठे करा. प्रत्येक गठ्ठ्याची बेरीज आधी कॅल्क्युलेटरवर करून वरच्या बिलाला चिठ्ठी लावा: ‘गठ्ठा ३, २५ बिलं, एकूण १,४२,६८०.’ हे सहाय्यक करू शकते. मग एंट्री करा आणि संगणकातली बेरीज जुळवा. गठ्ठ्याच्या मधे अडथळा आला आणि चूक झाली, तरी शोध २५ बिलांतच संपतो. फरक निघाला तर आधी त्याला ९ ने भागून पाहा. पूर्ण भाग गेला तर बहुधा दोन आकडे शेजारी शेजारी उलटे पडलेत: ४,५३० च्या जागी ४,३५० टाईप झालं की फरक १८०, म्हणजे ९ गुणिले २०. फरक सम असेल तर त्याचा निम्मा आकडा एखाद्या बिलाशी जुळतो का पाहा, म्हणजे रक्कम उलट बाजूला गेली असावी. आणि फरक हुबेहूब एका बिलाएवढा असेल तर ते बिल गळलंय किंवा दोनदा आलंय. जुन्या खातेवह्यांच्या काळातली ही युक्ती आहे आणि सॉफ्टवेअर कितीही नवं असलं तरी चालते.

२५ मिनिटांचा गजर लावून काम करण्याची पद्धत अनेक जण सांगतात. बंद खोलीत ती ठीक आहे. काउंटरच्या ऑफिसात गजर गठ्ठ्याच्या मधेच वाजतो, म्हणजे बाहेरचे अडथळे कमी होते म्हणून आपणच एक घरात आणला. थांबायचं ते गठ्ठा संपल्यावर. तसाच दुसरा लोकप्रिय सल्ला, ‘दोन मिनिटांत होणारं काम लगेच करून टाका’. तुमच्याकडे येणारा प्रत्येक जण ‘बाय, दोनच मिनटां’ म्हणतच आत येतो. हा नियम पाळलात तर दिवसभर दुसरं काही होणार नाही.

सहाय्यकेचे प्रश्न हा नाजूक विषय. तिला ‘सारखं विचारू नको’ म्हटलंत तर ती विचारायचं थांबते आणि चुका तुमच्याकडे महिन्याने येतात. एक वही द्या, त्यात प्रश्न साठवायचे, आणि साडेअकरा व साडेतीनला दहा-दहा मिनिटं तिच्याशेजारी बसायचं. तीन गोष्टींना सूट: आजच मुदत असलेलं काम, कुणाच्या खात्यातून पैसे जायचे असतील ते, आणि सरकारी नोटीस किंवा अधिकारी दारात. साडेअकराला तुम्ही स्वतःच फोनवर असाल तर चौथ्या दिवशी वही बंद पडेल, आणि दोष तिचा नसेल.

‘खा’ वाल्या माणसाला, म्हणजे ज्याला खरंच तुम्ही हवे आहात, टाळू नका. पण वेळ द्या ती तुमची. सहाय्यकेने लिहून घ्यायचं: नाव, नंबर, एका ओळीत विषय, आणि परत फोन कधी. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा, ‘नंतर करते’ ऐकलेला माणूस तासाभराने पुन्हा येतोच. फोन परत करण्याच्या वेळा सव्वाबारा आणि साडेपाच ठेवा. समोर उभ्या असलेल्याला सांगण्याचं वाक्य: ‘काका, आत्ता घाईत सांगितलं तर माझ्याकडून चूक होईल. कागद ठेवून जा, सव्वाबाराला फोन करते.’ आणि सव्वाबाराला करा. उत्तर तयार नसलं तरी करा.

दिवसाचा आराखडा गावच्या चालीप्रमाणे आखा. गोव्यात दुपारी एकच्या पुढे दुकानांची शटरं पडतात आणि तीन-साडेतीनशिवाय उघडत नाहीत. या वेळात तुमचा फोनही गप्प असतो. इतकी शांत वेळ दुसरीकडच्या ऑफिसांना विकत घेऊनही मिळत नाही, आणि आपल्याकडे बहुतेक जण ती जेवणात आणि पेंगण्यात घालवतात. साडेबारालाच हलकं जेवा. शीतकडी, म्हणजे भात-कालवण, पोटभर घेऊन लगेच जुळवणीला बसण्यात अर्थ नाही, हे सांगायला नको. पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटायचे तर मिटा. दीड ते साडेतीन ही जुळवणीची, नोटिसांच्या उत्तरांची, म्हणजे डोक्याच्या कामाची वेळ. सकाळी काउंटर, फोन आणि गठ्ठे. गठ्ठे तुटले तरी चालतात.

शुक्रवारी मात्र म्हापशाचा बाजार असतो. पेडण्यापासून बार्देशभरची माणसं बाजाराला येतात आणि जाता जाता तुमच्याकडे डोकावतात. त्या दिवशी डोक्याचं काम ठेवूच नका. शुक्रवार हा कागद गोळा करण्याचा, सह्या घेण्याचा, ‘अडलेलं’ खण रिकामा करण्याचा दिवस करा. क्लायंटलाही तसं सांगा: ‘शुक्रवारी बाजाराला येता ना, तेव्हाच कागद घेऊन या.’ बरीचशी ये-जा आपोआप एका दिवसात गोळा होते.

महिन्याचा ताल तारखांवर बसवा. ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण), तीन महिन्यांनी रिटर्न भरणाऱ्या तिमाहीवाल्यांचं १३ ला, १५ ला पीएफ आणि ईएसआय, २० ला ३बी, गोव्यातल्या तिमाहीवाल्यांचं २२ ला. २बी साधारण १४ तारखेला तयार होतं, म्हणजे जुळवणीसाठी खरी जागा १४ ते २० एवढीच. बाकीचं काम त्या आठवड्यात घुसू देऊ नका. २ तारखेला सर्वांना एक निरोप: बिलं ६ तारखेपर्यंत. मुदत ११ असताना ११ सांगितली तर लोक ११ च्या संध्याकाळी येतात.

प्रत्यक्ष रिटर्न सबमिट करताना आणि पगाराचे पैसे बँकेतून सोडताना मात्र पूर्ण शांतता पाळा. विमान १०,००० फुटांच्या खाली असताना वैमानिकांनी उड्डाणाशी संबंध नसलेलं काही बोलायचं नाही, असा नियम अमेरिकेत १९८१ मध्ये झाला, कारण अपघात त्याच टप्प्यात गप्पांमुळे होत होते. तुमचा तो टप्पा दहा-पंधरा मिनिटांचा असतो. टेबलाच्या कडेला एक लाल फाईल उभी करा. ती दिसली की सहाय्यकेने कुणालाही आत सोडायचं नाही. दिवसभर ती उभी राहिली तर तिला अर्थ राहत नाही.

पावसाळ्यासाठी थोडं. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा. खालचा कप्पा जमिनीपासून अर्धा फूट वर असू द्या. ओलसर कागद प्लास्टिकच्या पाउचमध्ये बंद केला की आत बुरशी धरते, आधी पंख्याखाली वाळवा. साध्या पिना गंजून कागद खातात, प्लास्टिकच्या क्लिपा वापरा. पेट्रोल पंपाच्या आणि कार्ड मशीनच्या चकचकीत पावत्या थर्मल कागदाच्या असतात, त्या उष्णतेने आणि प्लास्टिकच्या सान्निध्यात कोऱ्या होतात. आल्या दिवशीच स्कॅन करा. जीएसटीचा हिशेब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपावा लागतो, तेवढी त्या पावतीची हिंमत नाही. वीज जाण्यासाठी संगणकाचा यूपीएस असतोच, पण राउटरचा विसरतो. राउटरला स्वतंत्र छोटा यूपीएस लावा, नाहीतर २० तारखेला संगणक चालू आणि पोर्टल बंद.

संध्याकाळची शेवटची दहा मिनिटं टेबलासाठी. टेबलावर राहील ते इतकंच: उद्याचा पहिला गठ्ठा बेरजेच्या चिठ्ठीसह, खुणेच्या चिठ्ठ्यांचं पॅड, पेन, कॅल्क्युलेटर. बाकी सगळं तीन खणांत.

सगळं एकदम बदलू नका. पहिल्या आठवड्यात मोजणी आणि खुणेची चिठ्ठी, दुसऱ्यात फळी, पाउच आणि पावतीपुस्तक, तिसऱ्यात ओटीपीची वेळ. फाईलींचे क्रमांक चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीआधी किंवा एप्रिलच्या मध्यावर लावा, जुलैत मुळीच नाही. महिन्याने पुन्हा दोन दिवस मोजा. ‘कु’ कमी झाले नसतील तर तुमचे निरोप अपुरे आहेत, पहिल्या निरोपाचा मजकूर तपासा. ‘स’ वाढले असतील तर साडेअकराची बैठक चुकतेय. आणि ‘खा’ च वाढले असतील, म्हणजे लोक सल्ल्यासाठी येऊ लागले असतील, तर त्यासाठी वेगळी फी लावायची वेळ झाली आहे.